पहिली भेट कोणती? चाफळचा वाद आणि सत्याच्या उपपत्ती

पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना सातारा मागे पडले की कऱ्हाडच्या अलीकडे उंब्रज लागते. तारळी नदी येथे कृष्णेला मिळते आणि येथूनच महामार्ग सोडून चाफळला जाणारा रस्ता फुटतो. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजात आहे. मसूर, शहापूर, माजगाव, चाफळ, शिंगणवाडी ही त्या मालिकेतील आणखी काही गावे याच टापूत येतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हा रस्ता पाहिला असेल. मात्र महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या एका वादाची भूमी म्हणून त्याकडे क्वचितच कोणी पाहिले असेल. शिवाजी महाराज आणि समर्थ रामदास यांची पहिली भेट केव्हा झाली, हा तो वाद. २०२२ साली तत्कालीन राज्यपालांच्या एका विधानावरून तो पुन्हा पेटला होता, आणि पुढेही पेटत राहील अशी चिन्हे आहेत.

या वादाचा इतिहाससंशोधक म्हणून निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. येथे पाहावयाचे आहे ते वेगळेच. दोन्ही बाजू ‘आमचे म्हणणे खरे’ असे म्हणतात. या ‘खरे’ शब्दाने त्यांना नेमके काय अभिप्रेत असते? तत्त्वज्ञानात सत्य म्हणजे काय आणि असत्य म्हणजे काय याविषयी ज्या उपपत्ती मांडल्या गेल्या, त्या वर्गातल्या फळ्यावर फार कोरड्या वाटतात. चाफळच्या वादात मात्र त्या हाडामांसाच्या होऊन भांडताना दिसतात.

प्रथम वादाचे स्वरूप पाहू. परंपरा सांगते की शके १५७१ च्या वैशाख शुद्ध नवमीस, गुरुवारी, शिंगणवाडी येथे समर्थांनी महाराजांना अनुग्रह दिला. म्हणजे साल १६४९. या परंपरेचा मोठा आधार हनुमंतस्वामींची बखर होय. हनुमंतस्वामी समर्थांच्या वडील बंधूंच्या वंशातले, आणि त्यांची बखर अठराव्या शतकाच्या अखेरची. समर्थांचे निर्याण शके १६०३ मधले. तेव्हा घटना आणि लेखन यांच्यामध्ये जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर पडते.

याच्या विरुद्ध बाजूस दोन पत्रे आहेत, आणि दोन्ही समर्थांच्या शिष्यमंडळातलीच आहेत. पहिले १६५८ सालचे, भास्कर गोसाव्यांनी दिवाकर गोसाव्यांना लिहिलेले. आपण शिवाजीराजांकडे भिक्षेस गेलो असता, तुम्ही कोण, कोठले, असे त्यांनी विचारले. आपण रामदासी असल्याचे सांगितल्यावर ते समर्थ कोठे राहतात, मूळ गाव कोणते, असेही विचारले. आणि पुढे चाफळच्या उत्सवासाठी सालीना दोनशे होन देण्याची व्यवस्था केली, असा त्याचा आशय आहे. दुसरे पत्र १६७२ सालचे, केशव गोसाव्यांचे, तेही दिवाकर गोसाव्यांनाच. राजे भेटीस येणार आहेत, ही त्यांची पहिलीच भेट आहे, तरी तयारी नीट ठेवावी, असे त्यात कळविले आहे. पत्रे कोणा विरोधकाची नाहीत. घरच्या माणसांनी घरच्या माणसांना, कामापुरते, पुढे कोणी वाचील याची कल्पनाही नसताना लिहिलेले हे कागद आहेत. त्यांचे वजन आहे ते यामुळेच.

या कागदांच्या आधारे धुळ्याचे गो. का. चांदोरकर यांनी १६७२ ची बाजू मांडली. प्रा. गोविंद चिमणाजी भाटे यांनी ‘सज्जनगड व समर्थ रामदास’ या १९१८ च्या पुस्तकात परंपरागत समजुतींची कठोर तपासणी केली. दुसऱ्या बाजूस राजवाडे होते आणि धुळ्याचेच समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव होते. समर्थ संप्रदायाचे कागद गावोगाव हिंडून गोळा करण्यात देवांनी आयुष्य वेचले. त्यांची श्रद्धा मान्य न करणाऱ्यालाही त्यांच्या या कष्टांचे ऋण मान्य करावेच लागते.

आता सत्याकडे वळू. सर्वांत जुनी आणि सामान्य माणसाला सहज पटणारी उपपत्ती अनुरूपतेची. विधान जसे सांगते तशी वस्तुस्थिती असेल तर विधान सत्य, नसेल तर असत्य. ॲरिस्टॉटलने ती मांडली. संत थॉमस अक्वायनस यांनी बुद्धी आणि वस्तू यांचा मेळ अशा शब्दांत ती आपल्या परंपरेत रुजविली. आपल्याकडच्या नैयायिकांची यथार्थ ज्ञानाची कल्पनाही याच घरातली आहे: जे जेथे आहे तेथे ते आहे असे जाणणे ही प्रमा, आणि शिंपल्यावर चांदी पाहणे हा भ्रम. या दृष्टीने चाफळच्या प्रश्नाचे उत्तर अगदी सोपे होते. १६४९ च्या वैशाखात शिंगणवाडीस दोन माणसे एकमेकांना भेटली असतील तर परंपरेचे विधान सत्य, नसतील तर असत्य. सांगणारा किती पूज्य आहे, ऐकणाऱ्याला काय हवे आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही.

उत्तर सोपे आहे, पण हाती काही लागत नाही. १६४९ सालचा तो गुरुवार पुन्हा उगवणार नाही. विधान एका हातात आणि घटना दुसऱ्या हातात धरून दोन्ही ताडून पाहण्याची सोय नाही. नैयायिक सत्याची खूण म्हणून सफल प्रवृत्ती सांगतात. दूरवर पाणी दिसले. तेथे जाऊन तहान भागली तर ज्ञान खरे, वाळूच हाती आली तर ते मृगजळ. परंतु भूतकाळातले पाणी पिता येत नाही. येथेच माणसे दुसऱ्या उपपत्तींच्या आश्रयाला जातात, आणि बहुधा आपण आश्रय बदलला आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

पहिला आश्रय सुसंगतीचा. एखादे विधान आपल्या इतर ज्ञात विधानांशी विसंवाद न करता बसते तेव्हा ते सत्य, असे ही उपपत्ती म्हणते. इतिहासकाराला तिच्यावाचून पाऊल टाकता येत नाही हे मान्य. पण चाफळच्या बाबतीत ती काय करते ते पाहण्यासारखे आहे. १६४९ साली महाराज एकोणीस वर्षांचे होते. शहाजीराजे जुलै १६४८ पासून आदिलशाहीच्या कैदेत होते आणि मे १६४९ मध्ये सुटले. म्हणजे परंपरेतला वैशाख हा त्या कैदेच्या अखेरच्या दिवसांत पडतो. कृष्णाकाठचा हा मुलूख तेव्हा आदिलशाहीचा. जावळी महाराजांच्या हाती आली १६५६ मध्ये. वाई-कऱ्हाडपासून पन्हाळ्यापर्यंतची धाव तर अफजलखानाच्या वधानंतरची, १६५९ च्या अखेरची. वडील शत्रूच्या कैदेत असताना तरुण पुत्र शत्रूच्याच मुलखात गुरूच्या शोधार्थ येईल काय? विसंगत वाटते. पण दुसरा म्हणतो, वडील कैदेत असतानाच तर माणूस संतांच्या पायाशी जातो! त्यालाही हे सुसंगतच वाटते. वस्तुस्थिती तीच, आणि तिच्याभोवती दोन चित्रे सारख्याच नेटकेपणाने उभी राहतात.

सुसंगतीच्या उपपत्तीवर बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता. कल्पक कादंबरीकार असा भूतकाळ रचू शकतो की जो ज्ञात गोष्टींशी पूर्ण जुळावा आणि तरीही झालेलाच नसावा. सुसंगती ही सत्याची एक कसोटी ठरू शकेल. सत्य म्हणजे सुसंगती, असे मात्र म्हणता येत नाही. रसेल यांची आणखी एक अट येथे फार उपयोगी आहे. सत्याच्या कोणत्याही उपपत्तीत असत्यालाही जागा असली पाहिजे, असे ते म्हणतात. ज्या विवेचनातून कोणतेच विधान असत्य ठरू शकत नाही, ते सत्याचे विवेचनच नव्हे.

ही अट दोन्ही बाजूंना लावून पाहावी. केशव गोसाव्यांच्या पत्रातील ‘पहिली भेट’ ही त्या स्थळाची पहिली भेट, असा अर्थ परंपरेचे अभिमानी लावतात. अर्थ अशक्य नाही. १६५८ च्या पत्रातील प्रश्नांविषयी असे म्हणता येईल की समर्थ फिरते. तेव्हा सध्या मुक्काम कोठे, एवढेच राजांनी विचारले, किंवा दारी आलेला गोसावी खरोखर समर्थांचाच आहे काय हे पारखून घेतले. हेही अशक्य नाही. पण मूळ गाव कोणते हे शिष्याने का विचारावे, याला आणखी एक खुलासा लागतो. आणि प्रत्येक कागद आला की एक नवा खुलासा तयार असेल, तर १६४९ ची भेट झाली नव्हती असे दाखवू शकेल असा कागद कोणता, हे एकदा सांगून टाकावे. उलट बाजूची गतही फारशी निराळी नाही. १६७२ चे पत्र राजे ‘येणार’ म्हणते, ‘आले’ म्हणत नाही. पत्रावरून भेटीचा निश्चय सिद्ध होतो, भेट अनुमानाने येते. हा सूक्ष्म भेद भाषणांतून कोठे ऐकू येतो काय?

दुसरा आश्रय फलप्रामाण्याचा, आणि चाफळच्या वादातला खरा जोर येथेच आहे. ज्या विश्वासाने जीवनात काम भागते, जो मानल्याने पुढची वाट सुकर होते, तो सत्य, असे विल्यम जेम्स यांनी १९०७ च्या आपल्या व्याख्यानग्रंथात मांडले. जेम्स यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की ‘मला सोयीचे ते सत्य’ असे ते म्हणत नाहीत. विश्वासाने एकूण अनुभवाशी, जुन्या सत्यांशीही नांदले पाहिजे, ही त्यांची अट आहे. परंतु त्यांच्या उपपत्तीची जी बाजारी आवृत्ती आपल्याकडे चालते तिला ही अट ठाऊक नसते. गुरूशिवाय राजा नाही, हे एका वर्गाला उपयोगी वाटले. राजाला असा गुरू नव्हताच, हे दुसऱ्या वर्गाला उपयोगी वाटले. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या काळात ही तारीख म्हणजे जणू सातबाऱ्याचा उतारा झाली. स्वराज्याचे श्रेय कोणाच्या नावावर लागते ते तिच्यावर ठरणार होते. अशा वेळी कागद वाचणारा मनुष्य प्रथम लेखकाचे आडनाव वाचतो.

हेतू संशयास्पद म्हणून निष्कर्ष खोटा, या तर्काविषयी आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रकरण बोलके आहे. सम्राट कॉन्स्टंटाईनने पश्चिमेचे राज्य पोपमहोदयांना दान दिले असे सांगणारा एक दस्त मध्ययुगात शतकानुशतके प्रमाण मानला जात असे. १४४० मध्ये लोरेंझो वाल्ला या पंडिताने त्यातील लॅटिन भाषा तपासून दाखवून दिले की हा कागद कॉन्स्टंटाईनच्या काळचा असूच शकत नाही. त्यात रोमन दरबारी ‘सत्रप’ हिंडतात, आणि हा शब्द त्या दरबारात तेव्हा असण्याचे कारण नाही. हा वाल्ला तेव्हा कोणाच्या पदरी होता? पोपमहोदयांशी वैर असलेल्या राजा आल्फोन्सोच्या. त्याचा हेतू स्वच्छ होता असे कोणीही म्हणणार नाही. पण ‘सत्रप’ तेथे आहेत ते आहेतच. हेतू मलिन म्हणून पुरावा मलिन होत नाही. पुढे याच वाल्लाला पोप पाचवे निकोलस यांनी आपल्या लेखनिकांत नेमले. हा उदारपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

असाच दुसरा धडा बोलांदिस्त येशूसंघीयांचा. संतचरित्रांची साधने तपासून छापण्याचे काम त्यांनी सतराव्या शतकात आरंभिले. त्यांच्यातील फादर डॅनियल पापेब्रोक यांनी कार्मेल संघाचा संस्थापक प्रत्यक्ष एलिया संदेष्टा होता या परंपरेला पुरावा नाही असे लिहिले. परिणाम असा की १६९५ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने त्यांच्या ग्रंथांवर बंदी घातली. ती उठली १७१५ मध्ये, फादर वारल्यानंतर. याच पापेब्रोक यांनी बेनेडिक्ट संघाच्या जुन्या सनदांवरही संशय घेतला होता. त्याला उत्तर म्हणून त्या संघातले माबिलाँ यांनी खरी सनद व बनावट सनद कशी ओळखावी, याचे शास्त्रच १६८१ मध्ये लिहून काढले. ते वाचून पापेब्रोक यांनी आपली चूक आनंदाने कबूल केली. शके १६०३ चा आरंभही १६८१ मधलाच. सज्जनगडावर समर्थांचे अखेरचे वर्ष चालू होते तेव्हा पॅरिसमध्ये कागद तपासण्याचे शास्त्र जन्मत होते, हा केवळ कालगणनेचा योगायोग. पण चाफळचे कागद वाचताना तो मनात येतोच.

आता बखरीविषयी थोडे, कारण साहित्याच्या दृष्टीने हाच भाग मला महत्त्वाचा वाटतो. १६४९ ची भेट झाली नसेल, तर हनुमंतस्वामी खोटे बोलले काय? संत ऑगस्टीन यांनी असत्यभाषणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. त्यात ते असत्य विधान आणि लबाडी यांची फारकत करतात. मनात एक आणि मुखात दुसरे, फसविण्याच्या इच्छेने, ती लबाडी. खरे समजून चुकीचे सांगणारा चुकतो, लबाडी करीत नाही. इतकेच नव्हे, तर मनुष्य लबाडी करावयास जाऊन नकळत खरेही बोलून जाऊ शकतो. हनुमंतस्वामींनी घराण्यात आणि मठात जे ऐकले ते लिहिले असे मानण्यास काही प्रत्यवाय नाही. विधान असत्य, सांगणारा प्रामाणिक: ही जोडी आपल्याला नेहमी अवघड जाते. म्हणून एक बाजू बखरकाराला कपटी ठरविते आणि दुसरी, तो कपटी नाही म्हणून विधान सत्य ठरविते. दोन्हींत चूक एकच आहे.

बखरकाराच्या मनात राजा आणि संत यांच्या भेटीचा एक साचा आहे: राजा शोध घेतो, संत हुलकावणी देतात, मग दर्शन, मग उपदेश. या साच्याला आरंभी भेट हवी. राज्य उभे राहिल्यावर, राजा बेचाळीस वर्षांचा असताना झालेली भेट कथेच्या उपयोगाची नाही. तिथी आणि वार यांची नोंदही पाहावी. तपशील जितका बारीक तितका श्रोता निर्धास्त होतो. परंतु पंचांग हाती असलेल्या माणसाला मागची तिथी आणि वार बसविता येतो. बारकावा म्हणजे पुरावा नव्हे. हे वाचून कोणी म्हणेल, बखरीचे सत्य ऐतिहासिक नसून ‘वेगळ्या पातळीवरचे’ आहे. हा शब्दप्रयोग अलीकडे फार झाला आहे आणि मला तो पळवाट वाटतो. बखर साल, महिना, तिथी, वार आणि गाव सांगते. ज्याला वेगळ्या पातळीवर बोलावयाचे असते तो गुरुवार सांगत नाही.

याउलट उंब्रजच्या मारुतीची आख्यायिका घ्या. समर्थ कृष्णेत स्नान करताना बुडू लागले आणि मारुतीने त्यांना वाचविले, असे तेथे सांगतात. या कथेवरून कधी मोर्चे निघाले नाहीत. सांगणारा ती साक्ष म्हणून सांगत नाही आणि ऐकणाराही पंचनामा मागत नाही. तीच माणसे, तीच भक्ती. पण एक विधान तारखेसह इतिहासाच्या चावडीवर येऊन उभे राहिले आणि दुसरे देवळातच राहिले. चावडीवर येणाऱ्याने चावडीचे नियम पाळावेत, एवढीच अपेक्षा आहे.

परंपरेच्या बाजूने बोलण्यासारखे सर्वांत बळकट तत्त्व मीमांसकांचे आहे, आणि ते या वादात कोणी वापरलेले माझ्या पाहण्यात नाही. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, असे मीमांसक म्हणतात. ते खरे ठरविण्यासाठी बाहेरचा पुरावा शोधत बसावे लागत नाही. ते खोटे ठरविण्यासाठी मात्र बाधक कारण दाखवावे लागते. व्यवहारात आपण असेच वागतो. आजीने सांगितलेले आजोबांचे गाव आपण दाखला पाहून मान्य करीत नाही. म्हणून १६४९ ची परंपरा, तिला बाधक सापडेपर्यंत, मानणाऱ्याला मूर्ख म्हणण्याचे कारण नव्हते. परंतु १६५८ आणि १६७२ ची पत्रे हे तेच बाधक होत. ती उजेडात आल्यावर सिद्धतेचे ओझे दुसऱ्या खांद्यावर गेले. परंपरेला तिच्याच घरच्या शास्त्राने घातलेली ही अट आहे. कोणा परक्याने लादलेली नव्हे.

माझ्या मते म्हणूनच, आज उपलब्ध असलेल्या कागदांवरून १६४९ च्या भेटीचे विधान स्वीकारता येत नाही. ‘स्वीकारता येत नाही’ आणि ‘असत्य आहे’ यांत अंतर आहे, आणि ते पुसणे योग्य नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट, जे तरुणपणी कॅथलिक झाले आणि २०११ मध्ये निवर्तले, यांनी या अंतराविषयी अर्धे आयुष्य विचार केला. ज्या भूतकाळाचा कोणताही माग उरला नाही, त्याविषयीचे विधान सत्य किंवा असत्य असते असे म्हणण्याला अर्थ तरी काय, असा प्रश्न त्यांनी १९६९ च्या एका निबंधात घेतला. उत्तर टोकाला नेले तर भीतीदायक आहे: माग पुसला की घटनाही पुसली! ज्यांच्याविषयी एकही कागद उरला नाही अशी असंख्य माणसे मग कधी जगलीच नाहीत असे म्हणावे लागेल. उतारवयातील ‘सत्य आणि भूतकाळ’ या विषयावरील व्याख्यानांत डमेट त्या टोकापासून मागे आले. योग्य स्थळी, योग्य वेळी असलेल्या कोणाला जे पाहता आले असते, त्याने विधान सत्य ठरते. आज आपल्याला ते पाहता येते की नाही यावर ते अवलंबून नाही, असा त्यांचा कल झाला. शिंगणवाडीच्या टेकडीवर त्या दिवशी गुरे राखणारा एखादा पोरगा असेल, तर त्याने दोन माणसे पाहिली असतील किंवा नसतील. त्याने काय पाहिले ते आपल्यापर्यंत पोहोचले नाही, एवढ्याने त्याचे पाहणे अधांतरी होत नाही.

सत्य काय आहे आणि आपल्याला काय ठाऊक आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची सवय मराठी वाचकाला लावण्याचे काम याच सातारा जिल्ह्यातून झाले, हे येथे सांगितले पाहिजे. वाईचे ‘नवभारत’ मासिक, तेथेच संपादित होणारा मराठी विश्वकोश आणि या दोहोंची धुरा वाहणारे प्रा. मे. पुं. रेगे यांनी ज्ञान, विश्वास आणि प्रमाण यांविषयी मराठीत स्वच्छ लिहिता येते हे दाखवून दिले. वाई ते उंब्रज अंतर काही फार नाही. पण एका गावातले शब्द दुसऱ्या गावातल्या वादापर्यंत पोहोचलेले दिसत नाहीत.

चाफळची १६७८ ची सनद खरी मानली, तर त्या वर्षी महाराजांच्या मनात समर्थांविषयी किती आदर होता हे तिच्या मायन्यावरूनच कळते. त्या आदराला १६४९ ची गरज नाही. १६७२ मध्ये प्रथम भेट आणि सहा वर्षांत एवढा आदर, ही गोष्ट बखरीतल्या कथेहून कमी लक्षणीय आहे असे मला तरी वाटत नाही. परंतु ती लिहिण्यास बखरकार मिळाला नाही. दरम्यान उंब्रज, मसूर, चाफळ या भागातील एखाद्या जुन्या दप्तरात १६४९ च्या आसपासचा एखादा कागद निघाला, दानाचा, हिशेबाचा, कोणाच्या तरी तक्रारीचा, आणि त्यात राजांच्या येण्याची ओळ सापडली, तर वर लिहिलेल्यापैकी बरेच पुन्हा लिहावे लागेल.